लिंबावरच्या अळ्या

तुझ्या तेराव्याला जेवायला आलेल्या प्रत्येकाने आपल्या अंगणाचं कौतुक केलं. तुळिंजहून तुझा भाऊ आला, तो चपला काढता काढताच म्हणाला, "भावोजी, घरात एवढं आजारपण होतं, तरी अंगण बघा कसं लख्ख ठेवलंय." बाकीच्यांनीही माना डोलावल्या. मी पानातल्या खिरीकडे बघत बसलो. काय सांगणार होतो? की हे अंगण लख्ख झालं तिथेच सगळं बिघडलं, आणि जिच्या तेराव्याचं तुम्ही जेवताय तिला मी शेवटचे नऊ दिवस रोज न चुकता खोटं सांगत होतो?

मी लिहिणारा माणूस नाही. जन्मभर होळी गावातल्या या वाडीत केळी, वांगी, अळू केलं, पाट्या भरून वसईच्या बाजारात उतरवल्या. लिहायचं जे काही असायचं ते तुझ्याकडे. शाळेतली बाई घरात असताना मी कशाला पेन धरू? पण तुझ्याशी बोलायचं राहिलंय, आणि तुझ्या खुर्चीकडे बघून बोलायला लागलो की मंजू घाबरते. पोरीला वाटतं, आई गेली ती गेली, आता बाबांचंही डोकं चाललंय. म्हणून लिहितोय.

तू लग्न होऊन आलीस त्या पहिल्याच सकाळी माझ्या आईने तुझ्या हातात खराटा दिला होता. "अंगनात एक पान दिसता कामा नये," म्हणाली होती. चाळीतल्या पोरीला अंगण म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, तरी तू झाडलंस. आई होती तोवर चोवीस वर्षं झाडलंस. ती गेली आणि महिन्याभरात तू तो खराटा माझ्या हातात ठेवलास. "तुम्हाला एवढी आवड आहे तर तुम्ही झाडा. मला पानं पडलेली आवडतात." मी म्हटलं, अगं, लोक काय म्हणतील? तू म्हणालीस, "लोकांना म्हणावं, त्यांच्या दारात झाडा." एवढ्यावर ते भांडण थांबलं असं मला वाटलं होतं. पुढची सगळी वर्षं ते चालूच राहिलं.

तू काही सोडून द्यायचीसच नाही. एकदा तुला न विचारता मी मागचा शेवगा तोडला होता. तो विषय तू मंजूच्या साखरपुड्यात काढलास, व्याह्यांसमोर, चौदा वर्षांनी. "यांना विचाराल तर झाड ठेवा म्हणतील, आणि पाठ वळली की कोयता चालवतील." व्याही हसले, मी पण हसलो, आणि घरी येऊन आपण परत त्या शेवग्यावर तासभर भांडलो. मंजू म्हणाली, अरे, माझा साखरपुडा आहे आज.

तू शाळेतून रिटायर झालीस आणि ही मुलं आली. शेजारची वाडी विकली गेली, तिथे बिल्डिंग उभी राहिली, खाली सगळे फरशीचे ठोकळे बसवले, आणि खेळायला गेलं की वॉचमन हाकलतो म्हणून चार-पाच पोरं आपल्या कुंपणाशी येऊन उभी राहायला लागली. त्यातली रेवा सगळ्यात आगाऊ. तेव्हा सात वर्षांची होती. तिने तुला विचारलं, "आजी, तुमच्याकडे बटरफ्लाय येतात, आमच्याकडे का नाही येत?" तू म्हणालीस, "तुमच्याकडे त्यांना जेवायला कोण देतं?" झालं. तिथून सुरू झालं सगळं.

दुसऱ्या दिवसापासून माझं अंगण माझं राहिलं नाही. डाव्या कोपऱ्यात खराटा न्यायची बंदी झाली, कारण तिथल्या पाचोळ्यात सापसुरळी राहते. फुटलेल्या कौलांचा ढीग रचलात, त्याखाली बेडूक. मातीच्या परळात पाणी, आणि परळाच्या कडेला मुद्दाम चिखल, का तर कुंभारमाशीला घर बांधायला माती लागते. शिंपी पक्ष्याने कर्दळीची दोन पानं शिवून त्यात अंडी घातली, तर तीन आठवडे मला तिकडून जायची चोरी. मी घरचा मालक, आणि विहिरीवर जायला मागच्या दाराने वळसा घालून जात होतो. आणि रुई! दारात रुई कोणी लावतं का गं? मारुतीला माळ घालायची तर देवळामागे ढीगभर उगवलेली असते. पण तुझं एकच पालुपद, "तिच्यावर जे फुलपाखरू होतं ते दुसऱ्या कशावर होत नाही." पोरं वहीत सगळं टिपून ठेवायची. सापसुरळी एक. बेडूक तीन. आजोबा रागावले, दोन वेळा. हे सुद्धा लिहिलंय त्या वहीत, मी नंतर वाचलं.

खरा तंटा झाला तो लिंबावरून. अळी दिसली की वेचायची, हे मला कोणी शिकवलं तेही आठवत नाही. सहा-सात वर्षांचा असताना बापामागून वांग्याच्या सरीत बादली घेऊन फिरायचो. डाव्या हाताने पान उलटायचं, उजव्या हाताने अळी काढायची, बादलीत टाकायची, पुढचं पान. बघावंही लागत नाही. मी रानात कोणाशी गप्पा मारत असलो तरी हात आपले चालू असतात. आणि तू म्हणतेस की लिंबावरच्या अळ्यांना हात लावायचा नाही. "अहो, साठ वर्षं मारल्यात. आता एका झाडावर जगू द्या." मी म्हटलं, तुझ्या एका झाडावर जगतील आणि माझ्या विहिरीकडच्या झाडावर अंडी घालतील, त्यांना काय तू कुंपण समजावून सांगणार आहेस? चार दिवस भांडलो. शेवटी वाटणी झाली. दाराजवळचं लिंबू तुझं आणि मुलांचं. विहिरीकडचं माझं, लोणच्याचं.

आणि त्याच आठवड्यात तू मला हाक मारलीस. मुलं डोळे ताणताणून झाड बघत होती आणि कोणाला काही सापडत नव्हतं. "अहो, इकडे या. तुमचे हात द्या जरा." मी कुरकुरत आलो. एक पान उलटलं आणि खसखशीच्या दाण्याएवढं पिवळसर अंडं दाखवलं. मग पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते ती बारकी अळी. मग हिरवी, पानात पान होऊन बसलेली. मुलं अशी बघत राहिली, जसा काही मी टोपीतून ससा काढलाय. रेवाने मला अळीवाले आजोबा हे नाव ठेवलं आणि तू तोंडाला पदर लावून हसत होतीस.

मला ते फार आवडलं होतं. तुला मी तसं बोललो नाही. उलट म्हणालो, संध्याकाळचं विहिरीवरची मोटार लावायचं काम राहिलं तुमच्या नादात. पण पुढे रोज पाच वाजले की मी वाडीतून हात धुऊन यायचो आणि उगीच कुंपणाची तार बघतोय असं दाखवत उभा राहायचो, तू हाक मारेपर्यंत. तुला ते कळत असणार. माझ्या या हातांना मारण्याखेरीज दुसरं काम आहे हे तू मला दाखवलंस. त्या दोन वर्षांतल्या संध्याकाळी माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात चांगल्या होत्या, आणि हे तुझ्या कानावर घालायला मला कधी तोंड झालं नाही. मोटार बरी आठवत होती.

गणपती गेले आणि तुला दम लागायला लागला. दवाखान्यात नेलं तेव्हा तू गाडीतून मुलांना ओरडून सांगितलंस, "कोष उघडायला लागले तर मी येईपर्यंत थांबायला सांगा त्यांना." लिंबावर तेव्हा सतरा अळ्या होत्या आणि सहा कोष. वहीत आहे. मंजू तुझ्याजवळ राहिली, आत एकालाच सोडायचे. मला चार ते सहा भेटायची वेळ. बाकीचा दिवस मी काय करायचं?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खराटा घेतला. तू दोन-तीन दिवसांत येशील, घरी येणाऱ्या माणसाला अंगण कसं नीट दिसायला हवं, एवढंच डोक्यात होतं. शपथेवर सांगतो, तुझी खोड मोडायची असं काही मनात नव्हतं. आदल्या दिवशी डॉक्टर जे बोलले होते ते मी परत परत आठवत होतो. फुप्फुसात पाणी म्हणजे किती पाणी, हृदय दमलंय म्हणजे काय. पाचोळा ओढला. कौलं उचलून भिंतीला लावली. रुई फार वाढली होती, ती छाटली. साबणाच्या पाण्याची बादली वाडीत न्यायला भरलेली होती, ती हातात होती. आणि मी लिंबाशी उभा राहिलो. डाव्या हाताने पान, उजव्या हाताने अळी. वाळक्या काड्या दिसल्या त्या मोडल्या. कोष असेच वाळक्या पानासारखे दिसतात, हे मीच मुलांना शिकवलं होतं. कोणत्या झाडाशी उभा आहे हे माझ्या ध्यानात आलं नाही. डोकं दवाखान्यात होतं आणि हात त्यांचं काम करत होते.

शाळा सुटल्यावर मुलं आली तेव्हा मी तुझ्याकडे निघायला शर्ट घालत होतो. आधी काहीच आवाज आला नाही, म्हणून बाहेर येऊन बघितलं. रेवाने काडीने बादलीतून एकेक अळी बाहेर काढली होती आणि अळूच्या पानावर ओळीने मांडली होती. बाकीची पोरं मोजत होती. सतरा. मी दारात उभा. रेवाने एकदा वर बघितलं आणि परत खाली मान घातली. मोठ्या माणसाने शिवी दिली असती तर मी चार उलट दिल्या असत्या. मी स्कूटर काढली आणि निघालो.

तू मास्क बाजूला करून पहिलं तेच विचारलंस, "कोष किती?"

मी म्हटलं, "सहा."

असं झालं ते. कोणी ठरवून करतं असं मला वाटत नाही. तुझा चेहरा इतका उतरलेला होता, हातावर सुईने निळं झालं होतं, मी काय सांगू की बाई, एकही नाही? दुसऱ्या दिवशी तू परत विचारलंस. मी आठ म्हटलं, कारण सहाचे सहाच कसे राहतील. तिसऱ्या दिवशी मी एक उघडला सुद्धा. "काळं होतं, मागच्या पंखावर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ." तू डोळे मिटून घेतलेस. "पंख वाळवायला किती वेळ बसलं?" मी म्हटलं, तासभर. "मुलं ओरडली असतील." नाही, म्हटलं, एकदम गप्प होती, रेवाने सगळ्यांना तोंडावर बोट ठेवायला लावलं. मला इतकं रचता येतं हे मला माहीत नव्हतं. जिना चढताना मी आजचं फुलपाखरू ठरवायचो, आणि खाली उतरताना जिन्यात बसून रडायचो. तुला खोटं सांगितल्याचं रडू होतं की तुझं, आता वेगळं करता येत नाही.

आणि तू कशी झाली होतीस त्या दिवसांत! एक शब्द वाकडा नाही. मी मोसंबी आणायला विसरलो, तू म्हणालीस, राहू दे. नर्सने तीनदा सुई टोचली, तू तिला म्हणालीस, होतं बाई असं. माझ्या शर्टाला बटण नव्हतं, ते बघूनसुद्धा तू गप्प राहिलीस, माझा हात तेवढा धरलास. मी सगळ्यांना फोन करून सांगत होतो की आता तिला आराम पडतोय, किती शांत झालीये बघा. मंजूला पण मीच समजावलं.

दहाव्या दिवशी मला ते सोसेना झालं. तुला घरी आणायचं तर झाडावर काहीतरी खरं असायला हवं. म्हणून अकराव्या दिवशी सकाळी स्कूटर घेऊन उमेळ्याला गेलो, माझ्या जुन्या दोस्ताच्या वाडीत. त्याच्या भोवतीनं सगळ्या बिल्डिंगा झाल्यात, पण लिंबाची दहा-बारा झाडं अजून आहेत. तो मला बघून म्हणाला, "लोक माझ्याकडे अळीवरचं औषध विचारायला येतात. तू अळ्या मागायला आलास?" मी म्हटलं, दे, हसू नकोस. त्याने हसायचं बंद केलं आणि दोघांनी मिळून पानं उलटली. चार अळ्या सापडल्या, चांगल्या हिरव्या, दोन दिवसांत कोष करतील अशा. फांदीसकट कापून पिशवीत घेतल्या. आणि मंजूचा फोन आला. "बाबा, लवकर या."

मी पोचलो तेव्हा तुझा मास्क काढून ठेवला होता. माझ्या हातात ती पिशवी होती आणि तिच्यातून लिंबाची फांदी वर आलेली. मंजू रडता रडता म्हणाली, "हे काय आणलंत?" ती फांदी पुढे रेवाने दाराजवळच्या लिंबाला सुतळीने बांधली म्हणे. मी बघायला गेलो नाही.

तेराव्यानंतर तिसऱ्या दिवशी, म्हणजे आज, रेवा एकटीच आली. वही घेऊन आली होती. पायरीवर माझ्या शेजारी बसली. मला वाटलं, आता हिला तरी खरं सांगून टाकावं, नाहीतर माझी छाती फुटेल. मी म्हटलं, "रेवा, वहीत लिही. त्या दिवशी आजोबांनी सगळ्या अळ्या मारल्या. आणि आजीला सांगितलं नाही. आजी शेवटपर्यंत समजत होती की कोष आहेत."

ती म्हणाली, "आजीला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"मी सांगितलं ना तिला. त्याच दिवशी. मी खूप रडत होती, मग मम्मीने मंजूमावशीला फोन लावून दिला. तुम्ही पोचलाच नव्हता तिकडे."

मी विचारलं, "काय म्हणाली ती?"

"पहिले बोलली, रडू नको. मग बोलली, आजोबांच्या हाताला सवय आहे, ते मुद्दाम नाही करणार. त्यांच्यावर रागवू नका." रेवा वहीचा कोपरा दुमडत होती. "आणि बोलली, मला कळलंय ते त्यांना सांगू नको. ते काय सांगतात ते मला ऐकायचंय."

पोर घरी गेली. मी तिथेच बसून आहे. आधी मला तुझा इतका राग आला की काय सांगू. म्हणजे मी जिना चढत फुलपाखरं रचत होतो, आणि तुला पहिल्या दिवसापासून सगळं ठाऊक होतं. "पंख वाळवायला किती वेळ बसलं," असं विचारत होतीस मला. नऊ दिवस. मला एकदा तरी सांगायची संधी द्यायचीस. मास्क काढून म्हणायचं होतंस, अहो, खोटं बोलताय तुम्ही, काय केलंत माझ्या झाडाचं? सगळ्या वॉर्डासमोर बोलायचं होतंस. मी खाली मान घालून ऐकून घेतलं असतं. शेवग्यासाठी चौदा वर्षं थांबून माझी लाज काढलीस, आणि मी तुझं अख्खं अंगण धुऊन टाकलं तर एक अक्षर नाही?

मग हळूहळू डोक्यात उजेड पडला. तुला घरी यायचं असतं तर तू भांडली असतीस. दोन वर्षांचं काम बादलीत बुडवलेलं ऐकून तू गप्प बसणारी बाई नव्हेस. तुझ्या हिशेबाने आपल्याकडे भांडणाएवढा वेळ उरलाच नव्हता, म्हणून तू हात धरून माझ्या थापा ऐकत बसलीस. आणि मी बाहेर फोनवर सगळ्यांना सांगत होतो, तिला बरं वाटतंय.

अडतीस वर्षं तुझ्याबरोबर काढली. तू पहिल्यांदा मला काही बोलली नाहीस, तेव्हाच मला कळायला हवं होतं की तू निघालीस.